रूम टोन

शेवटचा शॉट झाला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते,
कासेवाडीतल्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत
माणसं नऊ, लाईट दोन, ट्रायपॉड एक
आणि कॉटखाली पप्पांचं युफोनियम, गोधडीत गुंडाळलेलं.

मुनीरा कॅमेरा पुसत होती.
कोपऱ्यावर तिचा भाऊ स्कूटर चालू ठेवून उभा,
कोंढव्याला साडेतीनच्या आत, असं ठरलेलं.
पबित्राच्या पाटीवर सीन पाच.
शाळा सगळी कर्वेनगरात झाली तिची,
वॉचमनच्या खोलीतून,
पण पाच अजून नेपाळी वळणाचा काढते.
वैजू डायरेक्टर. पारध्याची.
समोरच्याच्या डोळ्यांत बघून
"पुन्हा एकदा करू या" म्हणायला
तिला तीन आठवडे लागले होते.
आता म्हणते, आणि लोक करतात.

मी साउंड.
बूम धरून खांदे भरून आलेले.

म्हटलं, थांबा, कोणी उठू नका,
रूम टोन राहिलाय. एक मिनिट शांतता.
पप्पा दचकून उभे राहिले, टोपी काढली.
"कोण गेलं?"

कोणी नाही गेलं, पप्पा.
खोलीचा आवाज घ्यायचाय.
"खोलीला कसला आवाज?"
वरातीत वाजवून वाजवून त्यांना थोडं कमीच ऐकू येतं,
म्हणून आमच्या घरात सगळेच ओरडून बोलतात,
लाडसुद्धा ओरडून.

मी हेडफोन चढवले. बोट वर केलं.

आणि सगळे गप्प बसले.

बारावीनंतर काय, असं मी विचारलं तेव्हा,
आत्या स्थळ घेऊन आली तेव्हा,
भावाच्या ताटातलं अंडं मोजलं तेव्हा
"गप बस" माझ्याकडे यायचं.
माझ्याकडून निघालेलं हे पहिलंच,
तेही नुसत्या बोटावर.

कानात खोली उघडली.
फ्रिजची घरघर. पत्र्यावर कावळ्याची नखं.
पलीकडं गिरणीचा पट्टा.
भावाच्या गुडघ्याची कट्कन.
माझ्या लक्षात आलं, आई बसलीय.
दिवसाउजेडी बसलेली आई मी पाहिली नव्हती.
शेजारून आणलेली भांडी ठेवावीत
तसे तिने हात मांडीवर ठेवलेले,
परत करायचे असल्यासारखे.

बेचाळिसाव्या सेकंदाला ती पुटपुटली,
"नळ गळतोय गं."

आणि पप्पा गरजले,
"गप! पोरगी काम करतीये!"

टेक गेला.
पबित्रानं वहीत लिहिलं : रूम टोन, एक, खराब.
मुनीरा हसली, वैजू हसली, मग आईसुद्धा.
मला काय वाटलं ते मला नीट सांगता येत नाही.
पोरगी काम करतीये.
एवढ्यासाठी एकोणीस वर्षं थांबले होते मी,
आणि ते आलं
तेव्हा "गप" परत बाईच्याच वाट्याला आलेलं,
माझ्यापासून सुटून
दोन हात लांब बसलेल्या तिच्या.

दुसरा टेक स्वच्छ मिळाला.
एडिटला तो सगळ्या संवादांखाली अंथरला,
चटईसारखा.
बघणाऱ्याला कळतही नाही,
काढला तर मात्र माणसं हवेत बोलताहेत असं वाटतं.

पहिला मी फेकला नाही.
पबित्राचं "खराब" खोडलं.
वैजूला ऐकवला, तिनं डोळे मिटून दोनदा ऐकला,
म्हणाली, शेवटी ठेव. काळ्या पडद्यावर.
नावं संपल्यानंतर.
मुनीरा म्हणाली, मग माझं चित्र कुठं?
वैजू म्हणाली, तेवढं सोड ना गं.
अर्धा तास भांडलो. ठेवला.

आता शेवटी पडदा काळा होतो
आणि आमची खोली ऐकू येते :
फ्रिज, कावळा, गिरणी, गुडघा,
थेंब, थेंब, थेंब,
"नळ गळतोय गं."
पप्पांच्या आवाजाआधी मी कापलंय.

परवाच्या रविवारी पप्पांनी वॉशर बदलला.
कुणी सांगितलं नव्हतं.
तो थेंब आता
फक्त आमच्या पिक्चरमध्ये पडतो.